जर्मनीला निघताना आरोग्य विम्याचा निर्णय इथेच व्हायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर होऊ पाहणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरांत जर्मनी हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला आहे. पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांची आणि एमएस करायला जाणाऱ्यांची वाट तर जुनीच. भाषेची परीक्षा, व्हिसाची तारीख, पगार, घरभाडं यांची चौकशी सगळेच करतात. आरोग्य विमा मात्र 'व्हिसाच्या फाइलला लावायचा एक कागद' म्हणून एजंट देईल तो घेतला जातो. तिथे गेल्यावर महागात पडणाऱ्या आणि काही वेळा दुरुस्तच न होणाऱ्या चुका या कागदापासून सुरू होतात, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, व्हिसासाठी घेतलेली पॉलिसी हा तिथला खरा आरोग्य विमा नव्हे. समजा २० तारखेला विमान आहे आणि नोकरी १ तारखेपासून. मधल्या दहा-बारा दिवसांसाठी ही पॉलिसी असते. ती स्वस्त असते, कारण जुने आजार तिच्यातून वगळलेले असतात, दातांचं काम वेदना थांबवण्यापुरतं असतं आणि बाळंतपण एकतर नसतंच किंवा त्याला प्रतीक्षा काळ असतो. दुखणं घेऊन अधूनमधून डॉक्टरकडे जाण्यापुरती ती चालते. पण अशीच पॉलिसी वर्षा-दोन वर्षांची किंवा पाच वर्षांपर्यंतची करून 'जर्मनीचा इन्शुरन्स, महिन्याला एवढे कमी युरो' म्हणून विकली जाते, तिथे सावध व्हावं. पॉलिसीत 'निवास परवाना संपला की विमा आपोआप संपेल' किंवा 'कमाल मुदत ६० महिने' असं वाक्य असेल, तर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी परदेशी नागरिकांचं कार्यालय ती पुरेशी मानत नाही. तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात, दरम्यान मधुमेह किंवा थायरॉइड निघालेला असतो आणि खरा प्रायव्हेट विमा घ्यायला गेलं की एकतर नकार मिळतो किंवा जादा हप्ता लागतो.

जर्मनीत १ जानेवारी २००९ पासून प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. त्याच्या दोन वाटा आहेत. आपली मंडळी त्यांना 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' म्हणतात, मीही तेच शब्द वापरतो. पब्लिक म्हणजे क्रांकेनकासे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विमा संस्था. अशा नव्वदच्या आसपास कासे आहेत. सरकार त्या चालवत नाही, पण हप्ता आणि उपचार बहुतांशी कायद्याने ठरलेले असतात. प्रायव्हेट म्हणजे विमा कंपनी, आणि तिथे तुमचं वय, तब्येत आणि निवडलेला प्लॅन यांवर हप्ता ठरतो.

कोणती वाट घ्यायची हे बहुतेकांच्या हातात नसतंच. वर्षाचा ग्रॉस पगार २०२६ साठी ७७,४०० युरोच्या आत असेल, तर नोकरदाराला पब्लिक बंधनकारक आहे. ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्याची, किमान पगाराची अट ५०,७०० युरो आहे आणि टंचाई असलेल्या व्यवसायांना व नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ती त्याहून कमी. म्हणजे ब्लू कार्डावर जाणारे बरेचसे तरुण आणि आउसबिल्डुंगला (पगारी व्यवसाय प्रशिक्षणाला) किंवा नर्सिंगला जाणारी जवळपास सगळी मुलं पब्लिकमध्येच जाणार. हे माहीत नसल्यामुळे इथून वर्षभराची पॉलिसी भरून जाणारे असतात. ते पैसे वाया जातात, कारण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पब्लिकचा हप्ता पगारातून कापला जातोच.

हा हप्ता किती? ग्रॉस पगाराच्या १४.६ टक्के, शिवाय प्रत्येक कासेचा आपला जादा टक्का, ज्याचा २०२६ चा सरासरी आकडा २.९ आहे. दोन्ही मिळून होतात १७.५. त्यातला अर्धा मालक भरतो. सोबत म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा येतो, त्याचा दर ३.६ टक्के. समजा पगार महिना ४,००० युरो. पगारपत्रकावर केव्ही (आरोग्य विमा) आणि पीव्ही (शुश्रूषा विमा) अशा दोन ओळी असतात. केव्हीच्या ओळीत तुमच्या वाट्याचे ३५० युरो दिसतील. पीव्हीच्या ओळीत मूल असलेल्याला ७२ आणि मूल नसलेल्या, तेवीस वर्षांवरच्या माणसाला ९६. हा फरक नीट पाहा. मूल भारतात आजी-आजोबांकडे असलं तरी तुम्ही पालक आहातच, फक्त जन्मदाखला मालकाला दिलेला हवा. दाखला दिला नाही म्हणून महिना २४ युरो जास्त कापले जातात आणि पगारपत्रक कोणी नीट वाचत नाही म्हणून वर्षभर लक्षात येत नाही. दुसरं, पगार कितीही असला तरी हप्ता महिना ५,८१२.५० युरोपर्यंतच्या रकमेवरच लागतो. त्यामुळे लाखभर युरो मिळवणाऱ्यालाही स्वतःच्या वाट्याचे, शुश्रूषा विमा आणि सरासरी जादा टक्का धरून, साडेसहाशे युरोपेक्षा जास्त भरावे लागत नाहीत.

कासे निवडताना फार डोकं लावायची गरज नाही, पण थोडं लावायला हवं. साधारण ९५ टक्के उपचार सगळीकडे सारखेच. फरक असतो तो जादा टक्क्यात, काहींचा २ च्या थोडा वर तर काहींचा ४ च्या वर. ४,००० च्या पगारावर एका टक्क्याचा फरक म्हणजे तुमच्या खिशातून महिना २० युरो. शिवाय इंग्रजीत फोनवर बोलणारं कोणी आहे का, दात साफ करायला वर्षातून किती देतात, हे पाहावं. निवड चुकली तरी बिघडत नाही, बारा महिन्यांनी कासे बदलता येते. नव्या कासेकडे अर्ज केला की जुनीला ती परस्पर कळवते. जादा टक्का वाढवला तर बारा महिने व्हायची वाटही पाहावी लागत नाही.

अर्ज नोकरीचा करार हातात आल्यावर इथूनच ऑनलाइन करता येतो. मग कासेचं नाव एचआरला कळवायचं, पुढची नोंदणी कंपनी करते. रुजू झाल्यावर दोन आठवड्यांत नाव कळवलं नाही, तर कंपनी आपल्या मर्जीची कासे निवडते. तिथे पोचल्यावर महापालिकेत पत्त्याची नोंद, मग कासेला पत्ता आणि फोटो. फोटो पाठवायला उशीर झाला की कार्डही उशिरा येतं. कार्ड येईपर्यंत डॉक्टरला दाखवायला कासेकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्यावं, ते ईमेलवरही मिळतं. कार्डाशिवाय गेलात तर डॉक्टर तुम्हाला प्रायव्हेट रुग्ण धरून बिल हातात देऊ शकतो. दहा दिवसांत कार्ड किंवा प्रमाणपत्र दाखवलं तर ते बिल रद्द होतं. ही मुदत माहीत नसलेले कित्येक जण पैसे भरून मोकळे होतात.

पब्लिकचं खरं बळ कुटुंबात आहे. बायको किंवा नवरा, ज्याचं स्वतःचं उत्पन्न महिना ५६५ युरोच्या वर नाही, आणि मुलं, यांचा वेगळा हप्ता नाही. एक पगार, एक हप्ता, घरातल्या चौघांना चार कार्डं. त्यासाठी कुटुंब विम्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही. लग्नाचा आणि जन्माचा दाखला भाषांतरासह लागतो, म्हणून व्हिसासाठी केलेल्या भाषांतराच्या दोन-तीन जादा प्रती इथूनच घेऊन जाव्यात. बाळंतपणाला प्रतीक्षा काळ नाही. जुन्या आजारांची विचारपूस नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसालाही नोकरी लागली की कासे नाकारू शकत नाही. आपल्याकडे मेडिक्लेमची सवय झालेल्यांना हे खरं वाटत नाही, पण ते तसंच आहे.

आजारी पडलात तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, मात्र नोकरीला चार आठवडे झालेले हवेत. त्यापुढे कासे ग्रॉसच्या ७० टक्के देते, पण नेटच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही. एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. खिशातून जातं ते औषधामागे ५ ते १० युरो आणि रुग्णालयात दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. दातांच्या क्राउनला मात्र ठरलेल्या साध्या उपचाराच्या ६० टक्केच मिळतात. दरवर्षी दात तपासून त्याची नोंद बोनस पुस्तिकेत ठेवली तर पाच वर्षांनी ७० आणि दहा वर्षांनी ७५ टक्के. मोठ्यांच्या चष्म्याला बहुतेक वेळा काहीच नाही. दातांचं मोठं काम बाकी असेल तर जाण्याआधी इथे करून घ्यावं, हा सल्ला अगदी पैशापाण्याचा आहे.

आता ज्यांचा पगार ७७,४०० च्या वर आहे त्यांच्याबद्दल, कारण खरा निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो आणि त्यांच्याभोवतीच दलालांची गर्दी असते. जर्मनीतली ही पहिलीच नोकरी असेल, तर तीन महिन्यांच्या आत अर्ज करून पब्लिकमध्ये स्वेच्छेने जाता येतं. तीन महिने उलटले की ही खिडकी बंद. घर शोधण्यात, फर्निचर घेण्यात हे तीन महिने भुर्रकन जातात आणि मग प्रायव्हेटशिवाय पर्याय उरत नाही. म्हणून हा निर्णय इथे असतानाच, जोडीदाराशी बसून करायला हवा.

प्रायव्हेट वाईट आहे असं मुळीच नाही. स्पेशालिस्टची वेळ लवकर मिळते, दातांना चांगलं मिळतं, रुग्णालयात वेगळी खोली मिळते आणि तिशीतल्या निरोगी, एकट्या माणसाला हप्ता पब्लिकच्या कमाल हप्त्यापेक्षा बराच कमी पडतो. मालकही अर्धा वाटा देतो, पब्लिकमध्ये दिला असता त्या मर्यादेपर्यंत. दलाल एवढंच दाखवतो. त्याला या विक्रीवर कित्येक महिन्यांच्या हप्त्याइतकं कमिशन मिळतं, हे लक्षात ठेवून त्याचं ऐकावं. तो जे दाखवत नाही ते असं, की इथे प्रत्येक माणसाचा स्वतंत्र करार असतो. बायको आली की एक, मूल झालं की आणखी एक. बायको पब्लिकमध्ये नोकरीला असली, तरी नवरा प्रायव्हेटमध्ये असून त्याचं उत्पन्न मर्यादेच्या वर आणि तिच्यापेक्षा जास्त असेल, तर मुलं तिच्या कार्डावर फुकट येत नाहीत. पगार कमी झाला तरी हप्ता कमी होत नाही, आणि वयाप्रमाणे तो वाढत जातो. परत पब्लिकमध्ये यायला पगार मर्यादेखाली यावा लागतो, आणि वयाची पंचावन्न वर्षं झाली की तो रस्ता जवळपास बंद.

बिलाचं गणितही वेगळं. डॉक्टर बिल तुमच्या नावाने पाठवतो, तुम्ही भरायचं आणि मग कंपनीकडून घ्यायचं. बिलावर प्रत्येक कामाचा क्रमांक, मूळ दर आणि पुढे एक गुणक असतो. साध्या सल्ल्याचा क्रमांक १, मूळ दर ४.६६ युरो, गुणक २.३, म्हणजे १०.७२ युरो. कारण लेखी दिलं तर गुणक ३.५ पर्यंत जातो आणि तोच सल्ला १६.३२ चा होतो. स्वस्त प्लॅनमध्ये कंपनी २.३ किंवा त्याहून कमी गुणकापर्यंतच भरते, वरचे पैसे तुमचे. एका सल्ल्यात हा फरक किरकोळ, शस्त्रक्रियेत मोठा. म्हणून प्लॅन पाहताना महिन्याच्या हप्त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात, डॉक्टरच्या बिलात किती गुणकापर्यंत भरता, वर्षाला स्वतःचे आधी किती भरायचे, आणि आजारपणात सातव्या आठवड्यापासून रोजचे पैसे मिळतात का. ही शेवटची सोय प्रायव्हेटमध्ये वेगळी घ्यावी लागते, आणि ती घेतलेली नसते हे पाय मोडल्यावर कळतं.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तब्येतीचे प्रश्न. अर्जात गेल्या काही वर्षांतले उपचार, तपासण्या, दाखल होणं, मानसोपचार, सगळं विचारतात. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरने दिलेल्या बीपीच्या गोळ्या, एकदा झालेला मुतखडा, सोनोग्राफीत दिसलेलं फॅटी लिव्हर याला कोणी 'आजार' म्हणत नाही आणि दलालही 'ते लिहू नका' म्हणतो. लपवलेलं उघड झालं तर कंपनी तीन वर्षांपर्यंत करार मोडू शकते, मुद्दाम लपवलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. ते नेमकं मोठं बिल आल्यावर होतं, कारण कंपनी जुने कागद तेव्हाच मागवते. गेल्या दहा वर्षांचे रिपोर्ट तारखेनुसार लावून त्याप्रमाणेच उत्तरं लिहावीत. जादा हप्ता मागितला तर तो पाहून मग ठरवावं.

माझं मत विचाराल तर बायको-मुलं असलेल्याने, व्हायची असतील त्याने, किंवा घरात मधुमेह-हृदयविकाराचा इतिहास असलेल्याने पब्लिकच घ्यावा. एकटा, निरोगी, दोन-तीन वर्षांत परतण्याचं ठरलेलं असलेला माणूस प्रायव्हेटचा विचार करू शकतो, पण पूर्ण स्वरूपाच्या प्रायव्हेटचा, वर सांगितलेल्या मुदतीच्या पॉलिसीचा नव्हे.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. तिशीच्या आत विद्यापीठात प्रवेश असेल तर पब्लिकचा विद्यार्थी दर मिळतो, महिना साधारण १४० ते १५० युरो. प्रायव्हेट घेण्यासाठी यातून सूट मागितली तर ती त्या शिक्षणापुरती मागे घेता येत नाही. महिना शंभर युरो वाचले म्हणून खूश झालेला विद्यार्थी डिग्री संपल्यावर नोकरी शोधताना अडकतो, कारण नोकरी मिळेपर्यंत पब्लिक त्याला घेत नाही. नुसता भाषेचा कोर्स किंवा श्टुडिएनकोलेग (विद्यापीठ प्रवेशाआधीचा पूर्वतयारी वर्ग) करणाऱ्यांना मात्र विद्यार्थी दर सहसा नसतो, त्यांना त्या काळात मुदतीची पॉलिसीच घ्यावी लागते.

भारतात येताना काय, हे फार कमी जण विचारतात. भारत आणि जर्मनीमध्ये २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, पण तो पेन्शनसंबंधी आहे, आरोग्य विम्याशी त्याचा संबंध नाही. पब्लिकचं कार्ड पुण्यात किंवा कोल्हापुरात चालत नाही. सुट्टीसाठी वर्षाची वेगळी प्रवास पॉलिसी मिळते, साधारण १० ते २० युरोत, पण ती एका सहलीला सहा ते आठ आठवडेच चालते आणि तीही अचानक झालेल्या आजारासाठी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात येणाऱ्या मुलींनी हे मनात पक्कं ठेवावं. त्या बाळंतपणाचा खर्च जर्मन कासे देणार नाही, प्रवास पॉलिसी देणार नाही आणि भारतातल्या पॉलिसीत बाळंतपणाचा प्रतीक्षा काळ संपलेला नसेल तर तीही देणार नाही.

त्यासाठीच इथली पॉलिसी बंद करू नये. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरी सोडण्यापूर्वीच करावा, म्हणजे आधीची वर्षं मोजली जातात. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ पासून जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ कमाल तीन वर्षांवर आणला आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. पॉलिसी खंडित झाली तर परत आल्यावर ही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात, तीही वय वाढल्यावर.

आई-वडिलांना तिकडे बोलावताना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं. तेवढीच स्वस्तातली पॉलिसी घेतली जाते आणि वडिलांचा जुना हृदयविकार तिच्यातून वगळलेला असतो. त्यात मुलाने तिथल्या कार्यालयात जबाबदारीचं हमीपत्र दिलेलं असेल, तर रुग्णालयाचं बिल त्याच्याकडूनच वसूल होऊ शकतं. साठीच्या पुढच्या माणसासाठी जुना आजार अचानक बळावला तर किती रक्कम मिळेल, हे पॉलिसीच्या शब्दांत वाचूनच ती घ्यावी.

नोकरी गेली तर? गेल्या तीस महिन्यांत बारा महिने बेकारी विमा भरलेला असेल तर भत्त्याबरोबर हप्ताही बेकारी कार्यालय भरतं. तेवढे महिने झाले नसतील तर पब्लिकमध्येच स्वतः हप्ता भरत राहावं लागतं, उत्पन्न शून्य असलं तरी महिना अडीचशे युरोंच्या वर. कासे उत्पन्नाचा अर्ज पाठवते. तो जर्मनमध्ये आहे म्हणून बाजूला ठेवला की कासे कमाल हप्ता लावते, महिना बाराशे युरोंच्या घरात. कायमचं परतताना हीच चूक होते. महापालिकेतून पत्ता रद्द केल्याचा दाखला घेऊन तो कासेला पाठवायचा असतो. तो न पाठवता निघून आलेल्यांच्या नावावर तिकडे थकबाकी चढत राहते, आणि पुढे पुन्हा जर्मनीत गेल्यावर ती समोर येते.

शासनाला आणि भाषावर्ग चालवणाऱ्या संस्थांना एक विनंती आहे. करारांतर्गत जाणाऱ्या मुलांच्या जर्मन वर्गात, बी१ या भाषा-पातळीच्या आधी, या विषयाचे दोन तास ठेवा. त्यात पब्लिकचा अर्ज भरून घ्या, कुटुंब विम्याचा अर्ज दाखवा, एक नमुना पगारपत्रक फळ्यावर लावून केव्ही आणि पीव्हीच्या ओळी समजावून सांगा, आणि जाताना प्रत्येकाच्या फाइलमध्ये तीन तारखा लिहून द्या: कासेचं नाव कळवायचे दोन आठवडे, डॉक्टरला कार्ड दाखवायचे दहा दिवस आणि जास्त पगारवाल्यांचे तीन महिने.

आपला,
एक विमा सल्लागार, पुणे